शाईतलं पांढरं कडं

मामाचं डोकं नेमकं कधी दुखायला लागलं, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. मामी म्हणते संक्रांतीच्या आधीपासून. मामाच्या मते हळदीकुंकवाच्या दिवशी, कारण बाहेर बायकांचा गलबला चालला होता आणि तो आतल्या खोलीत कानावर उशी दाबून पडला होता. २०२३ सालची ही गोष्ट. त्याच्या सात वर्षं आधी मामीनं त्याला आपली एक किडनी दिली होती. तेव्हापासून तो प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या घेत होता, नवी किडनी शरीरानं परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि क्रिएटिनिनचा आकडा बघायचा. आकडा जागेवर असला की त्या दिवशी घरातला चहासुद्धा गोड लागायचा.

डोकेदुखीवर आधी चष्म्याचा नंबर तपासून झाला. मग सायनस झालं, मग अर्धशिशी. संध्याकाळी बारीक ताप यायचा, पण तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. तीन आठवडे असेच गेले. एके दिवशी गाडी अंगणात लावता लावता तो म्हणाला, आज येताना दोन-दोन रस्ते दिसत होते. आणखी एक गोष्ट मामीच्या लक्षात आली होती, पण ती सांगायची कशी हे तिला कळत नव्हतं. जन्माचा तापट माणूस अचानक गरीब झाला होता. भाजीत मीठ कमी पडलं तरी काही बोलायचा नाही.

नाशिकला ॲडमिट केलं. सीटी स्कॅन साफ आला. डॉक्टर म्हणाल्या, मणक्यातलं पाणी काढून तपासावं लागेल, सही करा. मामीचा मला पुण्याला फोन आला. आमच्या घरात इंजिनिअर मी एकटाच, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या विषयांचा जाणकारही मीच. मणक्यात सुई घातली की माणूस लुळा पडतो, असं तिला शेजारच्या कॉटवरच्या बाईनं सांगितलं होतं. ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये म्यूटवर बसून मी वीस मिनिटं वाचलं. दुर्मीळ धोक्यांची यादी वाचली, आणि धोका किती दुर्मीळ आहे ते वाक्य सोडून दिलं. मामीला म्हणालो, "घाई नको करूस. आपण दुसऱ्या डॉक्टरांना विचारू."

त्यात दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी मामा हाका मारूनही नीट ओ देईना, तेव्हा मामीनं मला न विचारता सही केली. दुपारपर्यंत रिपोर्ट आला. त्यात एक ओळ होती: इंडिया इंक पॉझिटिव्ह. आजाराचं नाव क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस. मेंदूच्या आवरणांना बुरशीमुळे येणारी सूज.

बुरशी म्हटल्यावर घरात सगळ्यांना २०२१ आठवलं, ती काळी बुरशी. पण ही ती नव्हे. हिचा इतिहास मी नंतर, मामा आयसीयूत असताना, बाहेरच्या बाकावर बसून वाचला. आमच्या धंद्यात गिट ब्लेम नावाची एक कमांड असते. प्रोग्रॅममधली कुठली ओळ कधी आणि कुणी लिहिली, हे ती दाखवते. चूक सापडली की हात आपोआप त्या कमांडकडे जातो. ती चालवताना कधी कधी शेवटी आपलंच नाव समोर येतं, हे प्रत्येक प्रोग्रॅमरला माहीत असतं.

मागे जात गेलं की आपण १८९४ सालात, जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड या छोट्या विद्यापीठाच्या गावी पोचतो. तिथे ३१ वर्षांची एक बाई पायाच्या नडगीचं दुखणं घेऊन आली होती. शल्यविभागात तिला पाहिलं अब्राहम बुश्के यांनी, आणि तिथून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला पॅथॉलॉजिस्ट ओटो बुसे यांनी. त्यांना गोल गोल पेशी दिसल्या. पाव फुगवणारं यीस्ट असतं तशा. बुसेंनी त्या वाढवूनही दाखवल्या. यीस्टसारखी गोष्ट माणसाच्या हाडात राहू शकते, हे तेव्हा सहज पचणारं नव्हतं. ती बाई वाचली नाही. मी जे जे वाचलं त्यात तिचं वय आहे, नडगी आहे, शवविच्छेदन आहे. नाव कुठेच सापडलं नाही. आजाराला मात्र पुढे कित्येक वर्षं बुसे-बुश्केचा आजार म्हणत.

बुश्के नंतर बर्लिनला गेले आणि रुडॉल्फ विर्खो रुग्णालयात त्वचारोग विभागाचे प्रमुख झाले. ते ज्यू होते. नाझी सत्तेवर आल्यावर त्यांचं पद गेलं आणि १९४३ साली तेरेझिनश्टाटच्या छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. याचा बुरशीशी काही संबंध नाही. पण वाचताना मी या ओळीपाशी थांबलो, आणि ती सोडून पुढचं सांगणं मला बरं वाटत नाही.

त्याच वर्षी, १८९४ मध्येच, इटलीत फ्रान्चेस्को सानफेलीचे यांना पीच या फळाच्या रसात असंच यीस्ट सापडलं. प्राण्यांना टोचलं तर त्यांच्या अंगात गाठी यायच्या. यीस्टमुळे कॅन्सर होतो की काय, अशी शंका त्या काळात बऱ्याच जणांना होती आणि सानफेलीचे त्यांच्यातलेच. म्हणून त्यांनी नाव ठेवलं नीओफॉर्मन्स, म्हणजे नवी वाढ घडवणारं. कॅन्सरची कल्पना चुकीची निघाली, नाव टिकलं. १९०१ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्यूमँ यांनी पाहिलं की हे जीव खऱ्या यीस्टसारखे बीजाणू तयार करत नाहीत. त्यांनी त्यांना क्रिप्टोकॉकस या गटात टाकलं. क्रिप्टो म्हणजे लपलेला, कॉकस म्हणजे दाणा.

लपलेला दाणा! इतकं बरोबर नाव ठेवूनही पुढची माणसं फसलीच. माझ्या दृष्टीनं या सगळ्या इतिहासातली सगळ्यात रंजक जागा हीच आहे.

१९१६ साली अमेरिकेत स्टॉडर्ड आणि कटलर या दोन डॉक्टरांनी या आजारावर एक मोठा प्रबंध लिहिला. या रोगानं गेलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप त्यांनी रंगवून पाहिले. साबणाच्या फेसासारखी भोकंच भोकं दिसत होती. प्रत्येक भोकाच्या मध्यावर एक लहानशी पेशी, आणि तिच्या भोवती काही नाही. नुसतं स्वच्छ, रिकामं कडं. आता, पेशीभोवती मेंदूच नाही, याचा सरळ अर्थ काय? पेशीनं तो विरघळवून खाल्ला. म्हणून त्यांनी तिला नाव दिलं टोरुला हिस्टोलिटिका, म्हणजे ऊती विरघळवणारी. तर्कात कुठेही खोट नव्हती. कडं रिकामं नव्हतं, एवढंच.

या बुरशीच्या पेशीभोवती साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं एक जाड, बुळबुळीत आवरण असतं. भेंडी चिरल्यावर हाताला लागतं तसलं काहीतरी. नेहमीचे रंग त्याला चढत नाहीत. त्यामुळे काचेवर ते अजिबात दिसत नाही, फक्त त्यानं अडवलेली जागा दिसते. हे आवरणच तिचं चिलखत. शरीरातल्या संरक्षक पेशींना तिला गिळता येत नाही ते याच्यामुळे. स्टॉडर्ड आणि कटलर यांनी बुरशीचं चिलखत पाहिलं आणि त्याला बुरशीनं केलेली नासधूस समजले. त्यांच्यावर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की दिसायला सारख्या असलेल्या इतर बुरशींच्या आजारांपासून हा आजार वेगळा काढण्याचं मोठं काम याच प्रबंधानं केलं. पण टोरुला हे नाव पुढे काही दशकं पुस्तकांना चिकटून राहिलं. ते सोडवायला कोलंबिया विद्यापीठातल्या ऱ्होडा बेनहॅम यांना वर्षानुवर्षं वेगवेगळ्या रुग्णांतल्या बुरशी शेजारी-शेजारी ठेवून तपासाव्या लागल्या.

जे रंगत नाही ते दाखवायचं कसं? उत्तर इतकं सोपं आहे की ऐकून हसू येतं. त्याला रंगवायचंच नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं काळं करायचं. १९२४ साली वाइडमन आणि फ्रीमन यांनी इंडिया इंक वापरून यीस्टच्या पेशी कशा पाहाव्यात यावर लेख लिहिला, आणि ती पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत आजही चालते. मणक्यातलं पाणी फिरवून खाली बसलेला गाळ घ्यायचा, त्यात शाईचा थेंब मिसळायचा, वर पातळ काच ठेवायची. शाईतले काजळीचे कण त्या बुळबुळीत आवरणात शिरू शकत नाहीत. आपल्या जुन्या पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीत डिंक घोटून करायचे. ही त्याच जातीची. नावात इंडिया असलं तरी मूळची ती चीनची मानतात.

आमच्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला मोबाइलवर मामाच्या काचेचा फोटो दाखवला. काळंकुट्ट आकाश आणि त्यात पाच-सहा पांढरी कडी, मधोमध एकेक दाणा. कंकणाकृती ग्रहणासारखं. एका दाण्याला छोटासा कोंब फुटला होता. ते काय म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या, वाढते आहे.

मग त्यांनी सांगितलं की आम्ही नशीबवान आहोत. एचआयव्ही नसलेल्या रुग्णांमध्ये ही शाईची परीक्षा जवळपास निम्म्या वेळा काहीच दाखवत नाही, कारण पाण्यात बुरशी कमी असते. शाई न टाकता नुसत्या पेशी मोजल्या तर हे दाणे आपल्याच पांढऱ्या पेशी म्हणून मोजले जाऊ शकतात, आकार साधारण तेवढाच. उरलेला रिपोर्ट, म्हणजे साखर कमी, प्रथिनं जास्त, लिम्फोसाइट वाढलेले, हुबेहूब टीबीच्या मेनिंजायटिससारखा दिसतो. आपल्या देशात असा रिपोर्ट पाहिल्यावर टीबी मनात येणं साहजिक आहे, आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण टीबीच्या औषधांनी बुरशीला काहीही होत नाही. शाई टाका, असं कुणालातरी सुचावं लागतं.

ज्या सुईला मी दोन दिवस थांबवलं होतं, तिच्याबद्दलही त्यांनीच सांगितलं. सुई आत गेल्यावर तिला एक उभी नळी जोडतात आणि पाणी किती चढतं ते मोजतात. झोपलेल्या माणसात २० सेंटिमीटरपर्यंत ठीक. मामाचं ३८पर्यंत गेलं. बुरशी आपलं आवरण सतत सांडत राहते. तो चिकट माल मेंदूभोवतालच्या पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा तुंबवतो, आणि कवटीच्या आत दाब वाढत जातो. डोकेदुखी त्याची, दोन रस्ते त्याचे, डोळ्यांच्या आणि कानांच्या नसा दबतात त्याही त्यानंच. उपाय काय? पाणी काढणं. सुई ही नुसती तपासणी नव्हती, उपचारही होता. पहिल्यांदा पाणी काढल्यावर तासाभरात मामानं डोळे उघडले आणि चहा मागितला. पुढच्या दोन आठवड्यांत ती सुई आणखी सहा वेळा घातली. शेवटी शेवटी तोच विचारायचा, आज पाणी काढणार का.

"घराजवळ कबुतरं आहेत का?" हेही डॉक्टरांनी विचारलं होतं. या प्रश्नालाही इतिहास आहे. अमेरिकेतले चेस्टर एमन्स यांनी १९५१ मध्ये ही बुरशी मातीतून वेगळी काढली आणि १९५५ मध्ये कबुतरांच्या विष्ठेतून. कबुतर स्वतः सहसा आजारी पडत नाही, त्याचं अंग ४१-४२ अंशांवर तापलेलं असतं आणि तेवढी उष्णता हिला सोसत नाही. वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते, श्वासातून फुप्फुसात जाते, आणि धडधाकट माणसात तिथेच गप्प पडून राहते. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही. २०२५च्या पावसाळ्यात महापालिकेनं दादरच्या कबूतरखान्यावर ताडपत्री टाकली आणि आंदोलनं झाली, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर या आजाराचं नाव चुकीच्या स्पेलिंगसह फॉरवर्ड होऊन आलं. मामानं त्यावर नुसता अंगठा टाकला. पण ही बुरशी फक्त कबुतरांच्या नावावर टाकता येत नाही. दिल्लीत वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे हरबंससिंग रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती जांभळाच्या जुन्या झाडांच्या ढोलीत, कुजलेल्या लाकडातही सापडली. मामाच्या शाळेमागे जांभळं होती आणि वाड्याच्या माळ्यावर कबुतरं होती. कोण आत शिरलं आणि कधी, ते आता कुणीच सांगू शकत नाही.

माझ्या आवडीचा तुकडा १९६२ सालचा आहे. जर्मनीचे फ्रीडरिश श्टाइब पक्ष्यांच्या विष्ठेवर काम करत होते. त्यांनी दाखवलं की ही बुरशी विष्ठेतल्या क्रिएटिनिनवर पोसली जाते. होय, तेच क्रिएटिनिन, ज्याच्या आकड्यासाठी आमचं घर दर महिन्याला श्वास रोखून बसतं. शिवाय, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घालतात त्या एका काळ्या बियांचा अर्क काढून त्यावर ही बुरशी वाढवली, तर तिच्या वसाहती तपकिरी होतात. तिच्यासारखी दिसणारी इतर यीस्ट पांढरट राहतात. ओळख पटवायला इतकी स्वस्त युक्ती क्वचितच असेल. त्या बियांचं शास्त्रीय नाव ग्विझोशिया ॲबिसिनिका. मी फोटो उघडला आणि मोबाइल मामीपुढे धरला. ती म्हणाली, "ही तर आपली खुरासणी." तुमच्याकडे कदाचित कारळं म्हणत असतील. चटणीची.

त्यानंतरचं थोडक्यात. १९७५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जून क्वॉन-चंग यांना या बुरशीचं लैंगिक चक्र सापडलं, आणि कळलं की ती पावाच्या यीस्टपेक्षा अळंबीच्या जवळची आहे. व्यूमँ यांना बीजाणू दिसले नव्हते कारण ते चुकीच्या प्रकारचे शोधत होते. औषध त्याआधी वीसेक वर्षं आलं होतं: व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं ॲम्फोटेरिसिन. त्यापूर्वी मेंदूपर्यंत पोचलेला हा आजार म्हणजे जवळजवळ खात्रीचा मृत्यू होता. औषधही किडनीला कडक आहे. मामाचं क्रिएटिनिन वर चढलं, सगळ्यांचे चेहरे उतरले, मग हळूहळू ते खाली आलं.

१९८१ नंतर एड्स आला आणि दुर्मीळ म्हणून पुस्तकात पडून असलेला हा आजार वॉर्डांमध्ये रोज दिसायला लागला. आजही त्याचा सगळ्यात मोठा मार एचआयव्ही असलेल्यांना बसतो. २०२० साली जगभरात त्यांच्यातले सुमारे १,५२,००० जण या मेनिंजायटिसनं आजारी पडले आणि १,१२,००० गेले, असा अंदाज आहे. सर्वाधिक आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला. म्हणून मामाचीही एचआयव्ही तपासणी झाली, ती नियमाप्रमाणे व्हायलाच हवी. निगेटिव्ह आली. पण तपासणी झाली एवढंच गावात पोचलं, निकाल पोचला नाही. मामीला एका लग्नात वेगळ्या पंगतीत बसवलं गेलं. हे तिनं मला वर्षभरानं सांगितलं, तेही भांडी लावता लावता.

आणि एवढ्या सुया, शाई, काचा यांच्या पुढचं पाऊल केव्हाच पडलेलं आहे. बुरशी आवरण सांडत राहते, तर मग बुरशी कशाला शोधायची, सांडलेलंच शोधूया. १९६३ मध्ये ब्लूमफील्ड, गॉर्डन आणि एल्मनडॉर्फ यांनी लॅटेक्सच्या बारीक कणांना प्रतिपिंडं चिकटवली. नमुन्यात आवरणाचे तुकडे असले की कण गोळा होऊन गुठळ्या दिसायच्या. पुढे नेवाडा विद्यापीठातल्या थॉमस कोझेल यांच्या प्रतिपिंडांवरून एक पट्टी तयार झाली. २०११ मध्ये तिला अमेरिकेत मान्यता मिळाली. दिसायला प्रेग्नन्सी टेस्टसारखी. रक्ताचा थेंब, दहा मिनिटं, दोन रेघा. आवरणाचे हे तुकडे डोकं दुखायला लागण्याच्या कित्येक आठवडे आधीपासून रक्तात सापडू शकतात. म्हणून ज्यांची सीडी-फोर संख्या १००च्या खाली गेलेली आहे अशा एचआयव्ही रुग्णांची काही त्रास नसतानाच ही तपासणी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. किडनी बदललेल्यांसाठी असा सरसकट नियम नाही. आम्ही चष्म्याच्या दुकानात नंबर तपासत बसलो होतो त्या दिवशी मामाच्या रक्तात बहुधा दुसरी रेघ उमटली असती.

वर्षभर फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या झाल्या. मामा आता ठीक आहे. तापटपणा परत आला, आणि मीठ कमी पडल्यावर तो पहिल्यांदा ओरडला तेव्हा मामी रडली. डाव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, त्यामुळे गाडी सुटली. दोन दिवस आधी पाणी काढलं असतं तर ती कड वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. सांगता येणार नाही, म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी सांगायचं टाळलं.

गेल्या दिवाळीत जेवताना मामानं पुन्हा तीच थट्टा केली: "ही घाबरट. दोन दिवस सही करायला तयार नव्हती. हिच्या भरवशावर राहिलो असतो तर गेलोच होतो." सगळे हसले. मामी काही बोलली नाही. माझ्या डावीकडून येऊन तिनं ताटात खुरासणीची चटणी वाढली, आणि पुरे म्हणालो तरी आणखी थोडी वाढली.